एका नावाच्या तीन ओळी

नाव ही मोठी फसवी गोष्ट आहे. नाव असले म्हणजे त्यामागे कोणीतरी असणारच असे आपण धरून चालतो. आणि दोन नावे सारखी दिसली की त्यांतले एक फाजील आहे असे ठरवायलाही आपल्याला वेळ लागत नाही. शाळेत काम करणाऱ्या माणसाला मात्र या दोन्ही समजुती फार दिवस बाळगता येत नाहीत. २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रभर शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर नाव आहे पण वर्गात मूल नाही, असा प्रकार ठिकठिकाणी उघडकीला आला. आणि याच्या उलट प्रकार तर प्रत्येक शिक्षक रोज पाहतो. हजेरी घेताना ‘ओंकार’ म्हणावे तर तीन कोपऱ्यांतून तीन ‘हजर’ ऐकू येतात. तीन ओंकारांपैकी दोन फाजील आहेत असे म्हणून कोणी त्यांची नावे कमी करीत नाही. आपण त्यांच्या बापाचे नाव पुढे जोडतो, नाहीतर ‘थोरला’, ‘धाकटा’ म्हणतो आणि पुढे जातो.

हे सारे मला नव्याने आठवायचे कारण म्हणजे आमच्या शाळेतला एक संगणक. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना चित्रकला शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य; संगणकाचे शास्त्र मला कोणी शिकवलेले नाही. परंतु लहान गावातल्या शाळेत जो मनुष्य एखाद्या वस्तूपाशी दोनदा बसलेला दिसतो, ती वस्तू त्याच्याच गळ्यात पडते. कादंबरीचे हस्तलिखित टंकून घेण्यासाठी मी संध्याकाळी त्या यंत्रापाशी बसत असे. तेवढ्यावरून संगणक-कक्षाची किल्ली माझ्या खिशात आली.

या यंत्राची एक खोड होती. बटण दाबले की लगेच काम सुरू न करता ते एक निळा पडदा दाखवी आणि विचारी, ‘कोणती कार्यप्रणाली निवडता?’ खाली तीन ओळी. पहिली विंडोज १०, दुसरी विंडोज १०, तिसरीही विंडोज १०. उत्तर दिले नाही तर तीस सेकंद वाट पाहून ते आपल्या मनाने पहिली ओळ उघडी. मुलांना याची मोठी मौज वाटे. कोण कोणती ओळ दाबतो यावर त्यांच्या पैजा लागत. दुसरी ओळ दाबली की लागणारे साधन सापडत नाही अशा अर्थाचा निरोप येई आणि तास तिथेच बुडे. तेव्हा या फाजील ओळी काढून टाकाव्यात असे मुख्याध्यापकांनी सुचवले, आणि ते रास्तच होते.

आमचा एक माजी विद्यार्थी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. एका शनिवारी दुपारची शाळा सुटल्यावर तो आला. त्याने पडदा पाहिला आणि हसून म्हणाला, “सर, दोन मिनिटांचं काम आहे. खालच्या दोन्ही ओळी उडवतो.”

मी म्हटले, “उडव; पण आधी मला एवढं सांग, त्या ओळी जातात कुठे?”

“जातात कुठे म्हणजे?”

“म्हणजे प्रत्येक ओळीच्या मागे काय आहे?”

तो क्षणभर थांबला. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “बसा सर. बघूच.” हा मुलगा वर्गातही असाच होता, प्रश्न पटला की मागे हटत नसे.

त्या दुपारी त्याने मला जे समजावून दिले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. बटण दाबताच संगणक कामाला लागतो अशी आपली कल्पना असते. पण त्या क्षणी यंत्राला आपण कोण आहोत हेसुद्धा ठाऊक नसते. कार्यप्रणाली हार्ड डिस्कवर निजलेली असते, आणि तिला उठवायला कोणीतरी आधी जागे असावे लागते. इंग्रजी बुटाच्या मागे तो ओढून घालण्यासाठी एक पट्टी असते. आपल्याच बुटाची ती पट्टी धरून स्वतःला वर उचलणे, अशी एक अशक्य गोष्ट इंग्रजीत सांगतात. तिच्यावरूनच या सुरुवातीला ‘बूट’ हे नाव पडले. आपल्याकडे ‘स्वतःच्या खांद्यावर बसणे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. यंत्र ते पायरीपायरीने साधते. मदरबोर्डवरचा एक लहानसा कार्यक्रम आधी जागा होतो. तो डिस्कवरच्या दुसऱ्याला उठवतो. दुसरा यादी वाचतो आणि यादीत लिहिलेल्या ठिकाणी जाऊन कार्यप्रणालीला हाक मारतो.

जुन्या पद्धतीत या दुसऱ्या पायरीची जागा किती असे, तर डिस्कच्या अगदी आरंभीचे ५१२ बाइट! त्यांतले ४४६ सूचनांसाठी, ६४ डिस्कच्या चार वाटण्यांच्या नोंदीसाठी आणि उरलेले २ नुसत्या ओळखीच्या खुणेसाठी. एका पोस्टकार्डावर मजकूर मावतो, तेवढाच हा संसार. आणि त्यावर वर्षानुवर्षे जगभरची यंत्रे सुरू होत होती. पुढे यूईएफआय नावाची नवी पद्धत आली आणि या कामाला डिस्कवर एक स्वतंत्र खोलीच मिळाली. विंडोजची यादीही अशीच बदलत गेली. एक्सपीच्या काळात ती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असे आणि कोणीही ती उघडून वाचू शके. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तिची एक बंद वही झाली. या वहीला बीसीडी म्हणतात. ती वाचायला किंवा तिच्यात खाडाखोड करायला बीसीडीएडिट नावाची आज्ञा द्यावी लागते, तीही प्रशासकाच्या अधिकाराने.

एमएसकॉन्फिग नावाची एक सोपी खिडकीही आहे. तिच्यातल्या ‘बूट’ या भागात यादी दिसते, नको ती ओळ निवडून काढून टाकता येते, आणि सध्या कोणती प्रणाली चालू आहे तेही लिहिलेले असते. साध्या घरगुती कामाला ती पुरते. पण आम्हाला ओळींच्या मागे काय आहे ते पाहायचे होते. म्हणून त्या मुलाने काळ्या खिडकीत ती आज्ञा दिली आणि वही भराभर पडद्यावर उलगडली.

मला सर्वांत जास्त गंमत वाटली ती या वहीच्या मांडणीची. आपल्याला जे ‘विंडोज १०’ असे दिसते ते यंत्राच्या लेखी निव्वळ वर्णन असते. कोणी त्या जागी ‘गणपती बाप्पा’ लिहिले तरी यंत्राचे काही अडत नाही. यंत्र ज्यावर चालते ती ओळख निराळीच. आकड्याअक्षरांची बत्तीस चिन्हांची लांबलचक माळ, महिरपी कंसात घातलेली. एकाची माळ दुसऱ्याला सहसा मिळत नाही. मला ती पाहताच शाळेचे जनरल रजिस्टर आठवले. हजेरीपटावर तीन ओंकार असतील. पण जनरल रजिस्टरचा क्रमांक प्रत्येकाचा वेगळा, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. त्या माळेखाली आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या: कोणत्या पार्टिशनवर जायचे आणि तिथे कोणती फाइल उघडायची. म्हणजे मुलाच्या नावाखाली त्याचा पत्ता.

पहिल्या ओळीचा पत्ता ‘सी’ असा होता. ती आमची रोजची चालती प्रणाली. दुसरीच्या पत्त्याच्या जागी ‘अज्ञात’ असे लिहिलेले होते. पूर्वी कधीतरी कोणी तिथे विंडोज बसवले, नंतर ते पार्टिशन पुसले, पण वहीतली नोंद तशीच राहून गेली. पटावर नाव, वर्गात मूल नाही! तिसरीचा पत्ता मात्र ‘डी’ असा स्पष्ट होता, आणि डी जागच्या जागी होते.

“ही तिसरी जिवंत दिसते, सर,” मुलगा म्हणाला.

हे यंत्र पूर्वी ग्रंथालयात होते. ते मंद चालू लागले तेव्हा दुरुस्तीला दिले, आणि दुरुस्त करणाऱ्याने जुने विंडोज न हलवता शेजारच्या पार्टिशनवर नवे बसवून दिले. असे केले की वहीत नव्या नावाची भर पडते आणि जुने नाव तसेच राहते. एकाच नावाच्या दोन ओळी दिसण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. मग मी त्याला डी उघडायला सांगितले. आत आमच्या जुन्या ग्रंथपालांच्या नावाची एक थैली होती.

हे ग्रंथपाल चार वर्षांपूर्वी वारले. शाळेत असताना दर उन्हाळ्यात ते मुलांना घेऊन पंचक्रोशीतल्या शेतांची नावे गोळा करीत. माळावर, ओढ्याच्या काठी, म्हाताऱ्या माणसांपाशी बसून ते विचारीत, ‘या रानाला काय म्हणतात?’ १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव जमिनींची नव्याने जुळवाजुळव झाली आणि जुन्या सर्वे नंबरांच्या जागी गट नंबर आले. सातबाऱ्यावर आज आकडा आहे. त्या रानाचे नाव तिथे सहसा नसते. ते फक्त माणसांच्या तोंडी उरले आहे, आणि ती माणसेही एकेक करून जात आहेत. ग्रंथपाल म्हणत, “सरकारच्या वहीत नंबर नीट आहेत, नावं आपण सांभाळू.” त्यांच्या मागे ती वही आम्ही पुष्कळ शोधली. कपाटात सापडली नाही, घरी सापडली नाही. आता त्या थैलीत ‘शेतांची नावे’ या अर्थाच्या रोमन अक्षरांत लिहिलेल्या अकरा फाइली होत्या.

मुलाने पहिली उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि उद्गारचिन्हे यांची नुसती भेळ झाली होती. एक शब्द लागेल तर शपथ! त्याने दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच.

“सर, फायली खराब झाल्यात,” तो हळू आवाजात म्हणाला.

पण मला हे रूप ओळखीचे वाटले. मराठी टंकनाचा थोडाफार इतिहास ज्याने भोगला आहे, त्याला ते ओळखू येईल. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळालेली आहे. परंतु आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा टंकांत काम होत राहिले. या जुन्या टंकांची युक्ती अशी की फाइलमध्ये साठते ते रोमन अक्षरच. त्याच्यावर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. टंक त्या यंत्रात बसवलेला असला की वाचावे तर स्वच्छ मराठी, आणि नसला की सोंग उतरते आणि खाली रोमन भेळ दिसू लागते. फाइल बिघडलेली नसते. तिचे डोळे दुसरीकडे राहिलेले असतात. आमच्या नव्या विंडोजमध्ये तो टंक नव्हता. तो असलाच तर ग्रंथपालांच्या जुन्या विंडोजमध्ये असणार होता. आणि तिथे जायची वाट म्हणजे ती तिसरी ओळ.

संगणक बंद करून आम्ही पुन्हा सुरू केला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. यंत्राने फार वेळ घेतला. शेवटी एक पडदा उजळला. मागे ग्रंथालयाच्या दारातल्या बुचाच्या झाडाचे छायाचित्र होते. त्या झाडाची फांदी तीन वर्षांमागे वाऱ्याने मोडली. छायाचित्रात ती होती. आम्ही पहिली फाइल उघडली. ‘गोसाव्याची पट्टी’, ‘म्हसोबाचा माळ’, ‘आंधळी विहीर’, ‘लग्नाचं वावर’. प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचे वय, तारीख, आणि नावामागची हकिगत ठाऊक असेल तर दोन ओळींत ती. मुलगा खाली खाली वाचत जात होता. एके ठिकाणी थांबला आणि म्हणाला, “सर, हे आमचं रान. सांगणारा माझा आजा.”

यानंतर जे करायचे ते आम्ही शांतपणे केले. आधी त्या अकरा फाइली पीडीएफच्या रूपात छापल्यासारख्या करून घेतल्या, म्हणजे टंक असो वा नसो, अक्षर दिसेल; मग मूळ फाइली आणि टंकही वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला. मग नव्या विंडोजमध्ये येऊन वहीची एक प्रत निर्यात करून बाजूला ठेवली. या वहीत हात घालण्याआधी हे करावेच, कारण चालत्या प्रणालीची नोंद बिघडली तर यंत्र उठतच नाही. मग दुसऱ्या ओळीची बत्तीस चिन्हांची माळ पुन्हा एकदा पत्त्याशी ताडून पाहिली आणि तेवढी नोंद काढून टाकली. तिसरीला आम्ही हात लावला नाही. फक्त तिचे वर्णन बदलून रोमन लिपीत ‘जुने ग्रंथालय’ असे ठेवले. पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले तेव्हा पडद्यावर दोनच ओळी होत्या, आणि त्या दोन निराळ्या गोष्टींची नावे आहेत हे बालवाडीतल्या मुलालाही कळले असते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. यादीतली ओळ काढली म्हणजे डिस्कवरची वस्तू जाते असे नाही. तिसरी ओळ आम्ही त्या दुपारी उडवली असती तरी डीमधल्या फाइली जागच्या जागीच राहिल्या असत्या. पण लोक तेवढ्यावर थांबत नाहीत. ओळ गेली की महिन्याभराने कोणीतरी म्हणतो, या डीमध्ये काहीच चालत नाही, उगीच जागा अडलीय. आणि तो ते पार्टिशन पुसून टाकतो. फायली उघडून पाहिल्या तरी भेळच दिसणार, मग पुसणाऱ्याचा हात कशाला अडखळेल? आधी नाव जाते, मग वाट जाते आणि शेवटी वस्तू जाते. शेतांचेही तसेच झाले आहे.

माझ्या या माजी विद्यार्थ्याच्या दुकानात लिनक्सची यंत्रेही येतात. तिथे ही यादी दाखवण्याचे काम ग्रब नावाचा कार्यक्रम करतो. एरिक बोलेन याने १९९५ साली तो लिहायला घेतला. त्याच्या यादीतही एकाच प्रणालीची अनेक रूपे दिसतात, आणि नवखे लोक ती पाहून वैतागतात. पण ती रूपे चुकून राहिलेली नसतात. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नवा आला की जुना मुद्दाम ठेवतात. न जाणो, नव्याने दगा दिला तर जुन्यावरून यंत्र उठवता यावे. सगळे जुने काढून टाकणारा मनुष्य पहिल्याच अडचणीत उघडा पडतो, म्हणून निदान एक मागचा ठेवावा असा तिथला शिरस्ता आहे. आणि ग्रबची छापील यादी हाताने खोडून तर काही उपयोग होत नाही. ती यादी प्रत्येक वेळी डिस्क पाहून नव्याने तयार होते. डिस्कवरची वस्तू तशीच ठेवून नुसते नाव खोडले तर पुढच्या खेपेला ते पुन्हा येऊन बसते. या सवयीबद्दल मला त्या यादीचा आदर वाटतो. ती ऐकीव नावावर विश्वास ठेवीत नाही. स्वतः घरोघर जाऊन पाहते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आमच्या त्या यंत्राला आज ना उद्या नवे रूप घ्यावे लागेलच. त्याआधी आठवी-नववीची मुले शनिवारी दुपारी बसून त्या अकरा फाइली युनिकोडमध्ये पुन्हा टंकत आहेत. हा मजकूर एकदा कोणत्याही यंत्रात, कोणत्याही टंकावाचून वाचता येऊ लागला की ‘जुने ग्रंथालय’ ही ओळही मी माझ्या हाताने काढून टाकणार आहे. तिला जन्मभर जपून ठेवण्याची भावुकता मला नको आहे. तिच्यामागे जे होते ते सुखरूप पोचले म्हणजे तिचे काम झाले.

गेल्या शनिवारी चौथी फाइल चालू होती. टंकता टंकता एका मुलीला ‘चिंचमळा’ हे नाव दोनदा आढळले. शेजारचा मुलगा म्हणाला, दुसऱ्यांदा आलेले गाळ. ती म्हणाली, “थांब. दोन्ही एकच आहेत का ते आजीला विचारून येते.” सोमवारी तिने निरोप आणला. एक चिंचमळा ओढ्याच्या काठी आहे आणि दुसरा देवळाच्या वरच्या अंगाला. ओढ्याकडच्यात आता एकही चिंच नाही. मुलांनी दोन्ही नावे ठेवली, आणि एकापुढे ‘ओढ्याकडचा’, दुसऱ्यापुढे ‘देवळाकडचा’ असे लिहिले.